नाण्याएवढा ओरखडा

शारजात, अल नाहदाच्या मागच्या गल्लीत,
काचेच्या ऑफिसात मारिसेलने कागद सरकवला:
गाडी कशासाठी, मॅडम? धंद्याला की घरच्या वापराला?
दोन चौकोन. एकातच खूण करायची.

मी बाळंतिणींना तेल लावते,
बाळांना न्हाऊ घालते पायांवर आडवं घेऊन.
सकाळी अजमान, अकराला करामा, दुपारी परत रोला.
निम्मी कमाई टॅक्सीत, उरलेला जीव टॅक्सीची वाट बघण्यात.
धंद्याचा परवाना सुनेच्या नावावर, हात माझे.
गाडीचं लायसन्स मात्र माझं,
पाचव्या खेपेला मिळालेलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

सून म्हणाली, आई, धंदा लिहा.
लिहिलं.
पण काल करामातली ती, पाठीत तेल मुरत असताना
उशीत तोंड खुपसून रडली,
मी हात थांबवला नाही, काही विचारलं नाही.
ती घटका कुठल्या चौकोनात धरू?

छत्तीस महिने. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर.
विमा त्यांचा, टायर त्यांचे.
परत देताना नाण्याएवढा ओरखडा माफ,
मोठा असेल तर भरपाई.
मारिसेलने पर्समधून एक दिरहम काढून दाखवला: एवढा.
मला हसू आलं.
परत देणं मला कोण शिकवणार?
सव्वा महिना मूल माझ्या पोटऱ्यांवर,
टाळू भरायची, दंड चोळायचे,
मान धरायच्या आतच देऊन टाकायचं,
विमानाने आलेल्या आजीपुढे, मांड्यांच्या वळ्या मोजून.
नंतर ते लिफ्टमध्ये भेटलं तर आईच्या मागे लपतं.

गाडी आली. पांढरी.
पुढचं झाकण उघडलं कुंकू लावायला,
तर इंजिनच नाही!
रिकामी पेटी, पोर निजेल एवढी.
आता तिथे वेखंड, बाळंतशेप, तेलाची बुधली,
आणि धुरीचं मडकं जुन्या साडीत गुंडाळून.
चाकाखाली लिंबू ठेवलं, ते मारिसेलने
पुसून हातात दिलं: मॅडम, तुमचं पडलं.

ऑगस्टात एसी गाडीचा जीव पितो.
निघताना सत्तर टक्के, इत्तिहाद रोडवर अडकून बावन्न.
रात्री मॉलच्या तळघरात तिला वायर लावते
आणि सीट मागे पाडून भाकरी खाते.
शेजारच्या खांबापाशी एक पठाण. तो खजूर देतो,
मी लसणाची चटणी. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं,
तरी उद्याही मागतो.

परवा रात्री दीडला ऋजुताचा फोन:
मावशी, हा निजतच नाही हो, आज विसावा दिवस,
माझ्याच्याने आता होत नाही.
नवरा तिचा तेलाच्या रिगवर, समुद्रात.
खाली आण, म्हटलं.

बाळाला मागच्या आसनात पट्टे लावून बसवलं.
गाडी निघाली. आवाज नाही.
बाकीच्यांची पोरं म्हणे इंजिनाच्या घरघरीत झोपतात,
इथे नुसती शांतता, आणि त्या शांततेत याची किंकाळी
तिप्पट मोठी.
मग मीच सुरू झाले.
घुर्रर्र. निवळीचा घाट चढताना
दादाचा टेम्पो करायचा तस्सा,
मध्येच गिअर अडकवून, मध्येच खोकून.
ऋजुता दचकली. मग हसली, वीस दिवसांत पहिल्यांदा,
मग तीही: घुर्रर्र.
ममझरच्या पाण्याकडेने, रात्री दोनला,
दोन बायका तोंडाने इंजिन काढत चालल्या होत्या.
तिसऱ्या फेरीला ते निजलं.
थांबायचं मात्र धाडस होईना.
अकरा टक्क्यांवर आल्यावर थांबलो.

सकाळी सून हिशेबाला बसली.
आई, रात्रीचे हे एकोणीस किलोमीटर कुणाचे?
माझा घसा बसलेला.
हातानेच म्हटलं, लिही काहीतरी.